ओल्या लंगोटांच्या रेघा

बाळंतपणानंतर सोळाव्या दिवशी सकाळी सासूने घण आणून आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवला. दांडा भिंतीला टेकवला, हात पदराला पुसले आणि चुलीकडे वळली.

सून बाजेवर बसून पोरीला अंगावर पाजत होती. तिने घण पाहिला. दांड्याच्या मधोमध तिच्याच हातांनी घासून गुळगुळीत झालेली जागा होती. लग्नानंतर चार वर्षं तिनेच तो मारला होता. सहावा महिना लागला तेव्हा लोहाराने एक घणकरी कामाला ठेवला. तो परवा दुपारी कापणीच्या टोळीबरोबर निघून गेला. जाताना पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि ‘येतो’ म्हणाला ते गेलाच.

पुढच्या खोलीत भट्टी होती, मागच्या खोलीत संसार. मध्ये दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. वर पत्रा. उन्हाळा असा तापला होता की दहा वाजता पत्र्याला कडकड आवाज यायला लागे आणि भट्टी विझवली तरी खोली थंड होत नसे.

“अजून टाके ओढतात, आत्याबाई,” सून म्हणाली.

“कुणाचे ओढत नाहीत?” सासू चुलीकडे तोंड करूनच म्हणाली. “मी नवव्या दिवशी घण धरला. तुझा सासरा सांडशी धरून उभा होता आणि मी मारत होते. कुणी माझी आरती केली नाही.”

पडद्यापलीकडून लोहाराचा आवाज आला. “अगं, दोन तास तरी ये. पाटे तापायला टाकलेत.”

मुकादमाने एकशे चाळीस विळे सांगितले होते. त्याची माणसं पंधरा दिवसांनी शेतात उतरणार होती. गाडीचे जुने कमानपाटे तोडून, तापवून, ठोकून लांबवायचे. मग वाक द्यायचा, दाते पाडायचे, पुन्हा तापवून पाण्यात बुडवायचे. वाक आणि दाते लोहार एकटा करू शकत होता. पण जाड पाटा लांबवायला समोर घण मारणारं माणूस लागतंच. एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात लहान हातोडा, एवढंच लोहाराच्या वाट्याला. हातोड्याने तो जागा दाखवणार, घण तिथंच पडला पाहिजे.

सुनेने पोरीला खांद्यावर टाकलं, ढेकर येईपर्यंत पाठ चोळली आणि झोळीत निजवलं. लुगड्याचा पदर छातीवरून घट्ट ओढून कमरेला खोचला आणि घण उचलला.

पहिल्याच ठोक्याला तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. दहाव्या ठोक्याला ओटीपोटात काहीतरी ताणलं गेलं आणि तिथंच ठसठसत राहिलं. ती मारत राहिली. लोखंड तापलेलं असताना थांबता येत नाही. लाल असतं तोवरच ते ऐकतं. काळं पडलं की पुन्हा भट्टीत, पुन्हा कोळसा, पुन्हा भाता.

तिसरा पाटा ऐरणीवर असताना आत पोर रडली.

सुनेच्या छातीत दूध भरून आलं. पदर दोन्हीकडून ओला झाला. समोर मुकादम लाकडी खोक्यावर बसला होता, त्याने पाहिलं आणि तोंड फिरवलंही नाही.

“थांबू नको,” लोहार म्हणाला. “एवढा होऊ दे.”

“रडतेय ती.”

“ऐकू येतंय मला. मार.”

तिने मारले. चौदा ठोके. मग घण टाकून आत गेली.

सासू पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर लालबुंद झाली होती, तोंड उघडं, जीभ थरथरत होती.

“घसा बघ किती कोरडा पडलाय,” सासू म्हणाली. “एवढ्या उन्हात मोठ्या माणसाचा जीव कासावीस होतो. ती तर एवढुशी. दोन घोट पाणी दिलं तर काय बिघडणार आहे?”

“नर्सबाईंनी सांगितलंय. सहा महिने पाण्याचा थेंब नाही. दुधातच पाणी असतं म्हणे, उन्हाळ्यातसुद्धा.”

“ती नर्स तिच्या पंख्याखाली बसून सांगणार. तिच्या घरात भट्टी आहे?”

“आणा इकडं.”

“मी पाच पोरांना पाणी पाजलं आहे. या घरातली पाजलीच जातात. लोखंड विझवलेलं पाणी. हाडात ताकद येते त्याने. तुझ्या नवऱ्याचे दंड बघ.”

सुनेने पोर ओढूनच घेतली. बाजेवर बसली, पाठ सासूकडे केली. पोर घाईने लागली, दुधाचा जोर सोसेना म्हणून ठसकली, पुन्हा लागली. पडद्याबाहेर मुकादम मोठ्याने म्हणाला, “लोहार, तुझ्या विळ्यांना आता जेवणाची सुट्टी का?”

“येईल आत्ता,” लोहार म्हणाला.

“मला तारखेला माल पाहिजे. बाईचं बाळंतपण, बाईचं दूध, या गोष्टी मला सांगू नको. मी काही बोळ्याने दूध पीत नाही.”

सासू पडदा सारून बाहेर गेली. “मिळेल माल, मुकादम. आमच्या घरात बाया झोपून राहत नाहीत.”

*

नर्सबाईंनी दहाव्या दिवशी कार्डावर वजन लिहून दिलं होतं. जन्माचं दोन किलो आठशे, दहाव्या दिवसाचं दोन किलो नऊशे. सुनेने विचारलं होतं, “पोटात किती जातं ते मला कसं कळणार? गाईचं असतं तर भांड्यात दिसलं असतं.”

“लंगोट मोज,” नर्सबाई म्हणाल्या. “दिवसभरात सहा किंवा जास्त ओले झाले तर समज पोट भरतंय. कमी झाले तर ये.”

तेव्हापासून सून लंगोट बदलला की कोळशाने झोळीशेजारच्या भिंतीवर एक रेघ मारायची. एका दिवसाच्या रेघा एका ओळीत. दहाव्या दिवसापासून सहा, सात, सात, सहा, सात, सहा. घण हातात घेतल्याच्या दिवशी पाच झाल्या. दुसऱ्या दिवशी चार.

ती त्या चार रेघांपुढं उभी राहिली. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. जणू बघून एखादी वाढणार होती.

“चारच झाल्या,” तिने लोहाराला सांगितलं. तो हात धूत होता.

“म्हणजे?”

“म्हणजे कमी जातंय पोटात. मी मधून मधून यायला पाहिजे. तुम्ही पाटा तापायला टाकला की मी आत येते, तापला की हाक मारा.”

“दर वेळी तू आत जाऊन बसलीस, की ती अर्धा तास सोडत नाही. तोवर पाटा जळून जातो.”

“मग दुसरा घणकरी बघा.”

“कुठून बघू? गावातले सगळे हात कापणीला गेलेत.” त्याने हात झटकले. “मला काय हौस आहे तुला उभं करायची?”

त्याच्या आवाजात चिडण्यापेक्षा दमणूक जास्त होती. पण तिला चिडणंच ऐकू आलं.

अठराव्या दिवशी सहा रेघा झाल्या. एकोणिसाव्या दिवशी आठ. विसाव्या दिवशी नऊ.

सुनेच्या उरावरचा दगड उतरला. शिवाय पोर रडायची थांबली होती. सकाळी पाजून निजवली, की दुपारपर्यंत हूं की चूं नाही. पडद्याबाहेर घण पडत होता, पत्रा तापत होता, ठिणग्या उडत होत्या, आणि पोर झोळीत निवांत. दिवसाला बारा-बारा विळे होऊ लागले. मुकादमसुद्धा म्हणाला, “पोरीला बापाच्या धंद्याची समज आहे.”

“शहाणी आहे,” सासू म्हणाली. “माझ्यावर गेलीय.”

एकच गोष्ट सुनेला कळत नव्हती. तिची छाती दगडासारखी टणक होऊन राहायची. हात वर नेला की काखेपर्यंत कळ जायची. दुपारी ती आत येऊन पोरीला घ्यायची, तेव्हा पोर चार वेळा ओढून झोपून जायची. गाल टिचकीने हलवले, तळपाय चोळले तरी डोळे उघडायची नाही. मग सून मोरीत बसून दूध पिळून टाकायची. पांढऱ्या धारा मोरीच्या दगडावरून वाहत जायच्या.

“उठत का नाही ही?”

“झोपू दे की,” सासू म्हणायची. “रडली तर रडते म्हणून रडतेस. झोपली तर झोपते म्हणून. तुला समाधान म्हणून नाहीच.”

सून भिंतीकडं बघायची. नऊ रेघा होत्या. भिंत खोटं बोलत नव्हती.

*

तेविसाव्या दिवशी सकाळी लोहाराने पोरीला झोळीतून उचललं. भट्टी पेटवायच्या आधी तो तिला रोज एकदा दोन्ही तळहातांवर घ्यायचा. काळे पडतील म्हणून गालाला हात लावायचा नाही. आज त्याने घेतलं आणि तसाच उभा राहिला. तळहात थोडे वर केले, थोडे खाली आणले.

“हलकी लागते,” तो म्हणाला.

“कोण?” सासूने विचारलं.

“ही. हलकी झालीय.”

“रात्रभर उकाड्याने झोप नाही, तुझा हात दमलाय.”

वीस वर्षं लोहाराने लोखंड हाताने तोललं होतं. भंगारवाला काट्यावर ठेवायच्या आधी तो आकडा सांगायचा आणि पाच-पंचवीस ग्रॅमच्या पलीकडं चुकायचा नाही. तो पोरीला घेऊन पुढच्या खोलीत गेला. तिथं आढ्याला भंगार तोलायचा तराजू टांगलेला होता. त्याने एका पारड्यात टोपली ठेवली, टोपलीत दुपटं घातलं, दुसऱ्या पारड्यात लोखंडाचे तुकडे टाकून दांडी सरळ केली. मग पोरीला टोपलीत निजवलं आणि तुकड्यांच्या शेजारी वजनं मांडायला लागला.

सून पडद्याशी येऊन उभी राहिली. पोर टोपलीत हलली नाही. दोरीच्या एवढ्या हेलकाव्यातही तिने मूठ घट्ट केली नाही.

दोन किलोचं वजन. मग अर्ध्या किलोचं. मग शंभराचं, तेव्हा वजनांचं पारडं खाली गेलं. लोहाराने शंभराचं काढून पन्नासचं ठेवलं. दांडी हलत हलत सरळ झाली.

त्याने ते दोनदा करून पाहिलं.

“कार्डावर काय आहे?”

“दोन नऊशे,” सून म्हणाली.

“साडेतीनशे ग्रॅम गेले.” तो तिच्याकडं वळला. “साडेतीनशे. एवढं तर एका विळ्याला लोखंड लागतं. तू पाजतेस काय तिला?”

“पाजते.”

“मग जातं कुठं?”

“मी म्हणतच होते,” सासू मागून म्हणाली. “दूधच पातळ आहे हिचं. पहिल्या दिवसापासून दिसतंय मला. निळसर दूध. त्यात काही कस नाही. आईकडून आणलं असतं काही, तर असतं.”

“माझ्या आईचं नाव काढू नका.”

“मग कुणाचं काढू? पोर झुरतेय डोळ्यांदेखत.”

“नऊ रेघा आहेत,” सून म्हणाली. “काल नऊ. परवा नऊ. पोटात गेलंच नाही तर बाहेर येतं कुठून?”

“तुझ्या त्या रेघा,” लोहार म्हणाला. “भिंत काळी करून ठेवलीस. काटा काय सांगतो ते बघ.”

तेवढ्यात मुकादम आला आणि खोक्यावर बसला. चव्वेचाळीस विळे बाकी होते. लोहाराने पोरीला सुनेच्या हातात दिलं. “पाज तिला. नीट पाज. मी भट्टी पेटवतो,” एवढं म्हणून तो भात्याकडं गेला.

*

सून आत आली. पोर छातीला लावली. पोर लागली नाही. ओठ नुसते टेकवून राहिली.

लंगोट ओला होता. सुनेने तो काढला आणि सवयीने कोळसा उचलला. रेघ मारता मारता थांबली. लंगोट नाकाशी नेला. कसलाही वास नव्हता. मुठीत धरून पिळला. मोरीच्या दगडावर जे पडलं ते घागरीतून सांडावं तसं होतं, रंग नाही, वास नाही.

तिने पोरीला उजेडाकडं धरलं. अंगात झबलं होतं, पांढऱ्या जुन्या कापडाचं. हनुवटीखाली, गळपट्टीपाशी, रुपयाएवढा तांबूस डाग होता. तिने अंगठा लावून घासला. गेला नाही.

तो डाग तिला माहीत होता. चार वर्षं ती नवऱ्याच्या सदऱ्यांवरचे तसले डाग धूत आली होती. लोखंडाच्या गंजाचा डाग. साबणाने जात नाही, उन्हाने जात नाही. कापड फाटतं, तो राहतो.

पोरीला तिने छातीशी बांधलं आणि पडदा सारून बाहेर आली. भट्टीच्या डाव्या हाताला अर्धा कापलेला पत्र्याचा पिंप दोन विटांवर ठेवलेला होता. विळे विझवायचं पाणी त्यात. सकाळच्या वेळी वरचं पाणी नितळ दिसायचं, गाळ तळाशी बसलेला. पिंपाच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या फटीत, एक वाटी उपडी घातली होती. वाटीवर पिळून वाळत टाकलेला कापडाचा बोळा. त्याचं टोक तांबूस झालेलं.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

सासू कोळसे फोडत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. “काय असणार? दोन थेंब देते घशाला. तू उभी राहतेस चार-चार तास, मी काय करू तिचं? रडवून मारू?”

“दोन थेंब?”

“वाटी, अर्धी वाटी. सकाळी नितळ असतं तेव्हाच गाळून आत नेते. घाण नाही देत.”

“किती वेळा?”

“मोजलं नाही मी. मला नाही येत तुझ्यासारख्या रेघा मारायला. रडली की देते, गप्प होते.”

सून लोहाराकडं वळली. त्याने भट्टीतून पाटा बाहेर काढला होता. सांडशीच्या तोंडात तो केशरी दिसत होता.

“तुम्हाला माहीत होतं?”

तो ऐरणीकडं बघत राहिला. “आई म्हणाली दोन थेंब देते म्हणून. मलाही दिलंय लहानपणी. मला काय झालं?”

“तुम्हाला माहीत होतं. आणि मघाशी मला विचारलंत, जातं कुठं.”

“अगं, आधी घण घे. हा गार होईल. मग बोलू.”

“घे गं बाई घण,” मुकादम म्हणाला. “घरातली भांडणं संध्याकाळी. माझा अख्खा दिवस—”

सुनेने घण घेतला. लोहाराने पाटा ऐरणीवर ठेवला आणि हातोड्याने जागा दाखवली, टक. पण ती ऐरणीपाशी आली नाही. ती पिंपापाशी गेली. घणाचा दांडा विटेच्या तुकड्यावर टेकवून दोन विटांच्या मध्ये, पिंपाच्या बुडाखाली सारला, आणि दुसऱ्या टोकावर पाय देऊन सगळं वजन टाकलं. टाक्यांच्या जागी कळ निघाली ती मस्तकापर्यंत गेली. पिंप एका अंगाने उठला, क्षणभर तसाच राहिला, आणि कलंडला.

पाणी भट्टीच्या ओट्याला आपटलं. कोळशाच्या कडेला चर्र झालं, वाफ उठली. मुकादम पाय वर घेऊन खोक्यावर चढला. तळाचा काळा-तांबडा गाळ सगळ्या जमिनीवर पसरला आणि उंबऱ्यावरून रस्त्यावर गेला.

लोहार सांडशीत तापलेला पाटा धरून उभा. पाटा केशरीचा लाल झाला, लालाचा काळपट.

“डोकं फिरलंय हिचं,” सासू म्हणाली. “बारा घागरी पाणी. बारा. नळावर जाऊन बघ रांग किती आहे ती. पाच पोरं वाढवलीत मी या पाण्यावर, आणि ही कालची—”

“पाच जन्माला घातलीत,” सून म्हणाली. आवाज चढवला नाही. “वाढली दोन. तीन कशाने गेली?”

सासूच्या हातात कोळसा फोडायची हातोडी होती. ती तशीच राहिली.

“उन्हाने गेली,” ती म्हणाली. “तिन्ही उन्हाळ्यात झाली होती. सुकत गेली. उन्हाने.”

“शेवटी शेवटी रडत होती का?”

“अगं ए,” लोहार म्हणाला.

“विचारतेय मी. रडत होती, का ही झोपते तशी शहाण्यासारखी झोपत होती?”

सुनेने घण तिथंच चिखलात टाकला, पोरीच्या डोक्यावर पदर घेतला आणि उन्हात चालू लागली.

*

दवाखाना चौकाच्या पलीकडं, दोन खोल्यांचा. नर्सबाईंनी पोरीला काट्यावर ठेवलं. दोन किलो पाचशे साठ. कार्डावर लिहिलं. कपाळाला हात लावून ताप पाहिला, टाळू चाचपली, तळपायाला टिचकी मारली. पोर कुरकुरली.

“पाणी दिलंत?”

“मी नाही. सासूने. लोखंड विझवतात ते.”

“आणि तू कुठं होतीस?”

“घण मारत होते.”

नर्सबाईंनी चष्मा काढला. “सोळाव्या दिवसापासून घण. वा. मग माझ्याकडं कशाला येतेस, मी काय सांगितलं होतं ते विसरायला? लंगोट मोजलेस?”

“मोजले. नऊ-नऊ होते.”

“पाणी प्यायल्यावर होणारच नऊ. तुला शंका नाही आली?”

सुनेने मान हलवली. मग म्हणाली, “मला बरं वाटत होतं, नऊ बघून.”

“इथंच बस. माझ्यासमोर पाज. ओढत नसेल तर पिळून चमच्याने घाल, पण दूधच. दर दोन तासांनी. संध्याकाळपर्यंत नीट ओढायला लागली नाही, तर मी गाडी बोलावते मोठ्या दवाखान्याची. आणि रडू नको, रडून दूध येत नाही.”

“मी रडत नाहीये,” सून म्हणाली, आणि ते खरं होतं.

तेव्हा तिला दिसलं की दारात सासू उभी आहे. पायांना घोट्यापर्यंत भट्टीतला गाळ लागलेला, तो वाटेत वाळून तडकला होता. ती आत आली नाही. भिंतीला धरून पायरीवर बसली.

सुनेने पहिली वाटी दूध पिळून काढलं. चमच्याच्या टोकाने थेंब थेंब पोरीच्या गालात सोडलं. पोर गिळत होती, थांबत होती. दुसऱ्या वेळी थोडं जास्त. नर्सबाई बाकीच्या बायकांची कार्डं लिहीत होत्या, मध्येच येऊन बघून जात होत्या.

उन्हं पायरीवरून सरकली तेव्हा सासूने दारातूनच विचारलं, “बाई, पाण्याने पोट भरतं का?”

“भरतं की,” नर्सबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “एवढंसं तर पोट. पाण्याने भरलं, की दूध मागत नाही. मागत नाही म्हणून झोपतं. घरच्यांना वाटतं, गुणाचं बाळ आहे. पाण्यात काय आहे अंगाला लागायला? आत सुकत जातं.”

“आणि लंगोट ओला होतो.”

“होतो.”

सासूने पाय जवळ ओढले. “मोठी मुलगी होती माझी पहिली,” ती म्हणाली. “तिला नवव्या दिवसापासून—” आणि पायावरचा वाळलेला गाळ नखाने खरवडायला लागली. नर्सबाईंनी मान वर केली.

पाचच्या सुमारास पोरीने छाती तोंडात धरली आणि ओढली. एकदा, दोनदा, मग थांबली नाही. सुनेच्या टणक छातीतून कळ निघाली. तिने दात आवळले. पोरीच्या घशात गुटक-गुटक आवाज व्हायला लागला, तो पायरीपर्यंत ऐकू गेला असावा, कारण सासू उठली आणि कुणाला न सांगता निघून गेली.

*

सून घरी आली तेव्हा पिंप विटांवर उभा होता आणि काठोकाठ भरलेला होता. नळाची रांग सकाळी होती तेवढीच होती, हे तिने येताना पाहिलं होतं. चुलीपाशी बसलेल्या सासूचा पदर खांद्यापर्यंत ओला होता. लोहार जमीन खरवडत होता.

“काय म्हणाली नर्स?”

“उद्यापासून घण मारणार नाही मी. सहा आठवडे.”

“मुकादमाने बाकीचे चव्वेचाळीस दुसरीकडं दिले,” तो म्हणाला. “सगळ्या बाजारात सांगत सुटलाय, की लोहाराची बायको वेडी आहे.”

“सांगू दे.”

“मी तिला उचलू?”

“हात धुवून या.”

त्याने हात धुतले, साबणाने, दोनदा. पोरीला तळहातांवर घेतलं, थोडं वर-खाली केलं, आणि परत दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या दोन नांगरांचे फाळ आले. लोहाराने भट्टी पेटवली आणि घणकऱ्याच्या जागेकडं बघत उभा राहिला. सासूने पदर खोचला आणि घण उचलला. साठीची बाई. पहिला ठोका ऐरणीच्या कडेला बसला.

“आई, राहू दे.”

“जागा दाखव,” ती म्हणाली.

तिने पिंपावर एक जाड फळी घातली होती, फळीवर ऐरणीचा जुना तुटका तुकडा. दर वेळी फाळ विझवायचा म्हणजे आधी तुकडा उचलायचा, फळी सरकवायची, फाळ बुडवायचा, मग पुन्हा फळी, पुन्हा तुकडा. लोहार दोनदा चिडला.

“दर वेळी काढ-घाल कशाला?”

“काढ आणि घाल.”

आत बाजेवर सून पोरीला पाजत बसायची. बाहेर घण पडायचा, वेळेच्या आधी किंवा नंतर, नेमका कधीच नाही. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. भाकरी सासू करायची, ताट झाकून ठेवायची. सून खायची, ताट घासून ठेवायची. पोरीला सासूने त्या दिवसापासून मांडीवर घेतलं नव्हतं, आणि सुनेने दिलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी दवाखान्यात काट्याने दोन किलो सहाशे ऐंशी दाखवलं. नर्सबाईंनी कार्डावर लिहिलं आणि सुनेकडं पाहून पहिल्यांदा हसल्या. सून घरी आली. तिने आकडा लोहाराला सांगितला. मोठ्याने सांगितला, पण सासूकडं तोंड करून नाही. बाहेर घण थांबला होता, तो थोडा वेळ थांबलेलाच राहिला.

त्या दुपारी सुनेचा डोळा लागला. किती दिवसांनी अशी गाढ झोप आली होती. उठली तेव्हा पोर झोळीत जागी होती, पाय झाडत होती. तिच्या अंगाखाली कोरडा लंगोट होता, गाठ उलट्या बाजूला बांधलेली. भिंतीवर सकाळच्या तिच्या चार रेघांच्या पुढं एक पाचवी होती. वाकडी, बोटाएवढी जाड, कधी कोळशाने काही लिहिलं नाही अशा हाताची.

सून उठून मोरीत गेली. बादलीतला लंगोट उचलून नाकाशी नेला. उग्र, आंबूस वास आला, जसा यायला पाहिजे तसा. पडद्यापलीकडं घणाचे ठोके पडत होते.

ती परत आली आणि भिंतीपुढं उभी राहिली. ती रेघ तिने पुसली नाही. संध्याकाळी दिवसाच्या रेघा मोजल्या, तेव्हा ती सोडून मोजल्या. तरी सहा झाल्या.